तेविसाव्या ओळीपासून

हर्सूल, छत्रपती संभाजीनगर
रविवार, दि. ३ ऑगस्ट २०२५

प्रिय सरिता अक्कास,

धाकट्या करुणाचा सप्रेम जयभीम.

इकडं आम्ही तिघंही बरे आहोत. तू, दाजी आणि तुझ्या सासूबाई बरे असाल असं धरून चालते, कारण विचारायला तू फोन उचलत नाहीस. आधी रिंग पूर्ण वाजायची, आता दोनदा वाजून कट होते. म्हणजे फोन हातात असतो आणि माझं नाव बघून तू बोट दाबतेस. म्हणून शेवटी पत्र. पाकिटावर तिकीट लावताना पोस्टातल्या बाईंनी मला विचारलं, कोर्टाचं काही आहे का. बहिणीला लिहितेय म्हटलं तर त्यांना खरं वाटेना.

आम्ही खोली बदलली. हर्सूललाच, पण आता वरच्या मजल्यावर. गच्चीतून तलाव दिसतो आणि तोटीत मात्र आठ-आठ दिवस पाणी नसतं. ह्यांची वाळूजच्या कंपनीतली शिफ्ट चालूच आहे. मैत्री दुसरीत गेली, पुढचे दोन दात पडलेत, त्यामुळं सध्या ती 'थरिता मावशी' म्हणते. मोठ्या मावशीकडं कधी जायचं म्हणून रोज डोकं खाते. मी म्हणते, दात आल्यावर.

मी त्याच संस्थेत आहे, उस्मानपुऱ्यात, त्याच खिडकीपाशी. यंदा नर्सिंगच्या कोर्ससाठी निवडलेल्या चाळीस मुली हॉस्टेलवर राहायला आल्या. पांढरे कोट घालून जिन्यावरून खिदळत जातात. मी त्या वेळी संगणकात जास्तच डोकं घालून बसते.

प्रेरणाच्या लग्नाला मी आले नाही. मैत्रीला ताप होता. कळवलं होतं, पण तू ऐकलंस की नाही माहीत नाही. पोरगी सासरी कशी आहे? आत्याचंच घर, त्यामुळं परकं वाटत नसेल, असं मी स्वतःला सांगत असते.

मे महिन्यात तू फोनवर शेवटचं बोललीस ते कानातून जात नाही. 'करुणे, मी बोलले ते तू लिवलंच नाय का?' अक्का, लिहिलं होतं. एकूण एक शब्द लिहिला होता. त्यापुढचा निर्णय कमिटीचा असतो, त्यात माझ्यासारख्या टायपिंग करणारीला कोण विचारतं. एवढं एक तुझ्या मनातून गेलं तर बरं होईल.

बाकी विशेष नाही. दाजींना जयभीम सांग.

तुझी,
करुणा

---

हर्सूल
रविवार, दि. २१ सप्टेंबर २०२५

प्रिय अक्का,

जयभीम. मागच्या पत्राला उत्तर आलं नाही, येईल असं वाटलंही नव्हतं. तब्येतपाणी विचारत बसत नाही. हे पत्र तू एकटी असताना वाच. घरात कुणी असेल तर आत्ताच घडी घालून ठेव.

गुरुवारी दुपारी प्रेरणाचा फोन आला, नवऱ्याच्या फोनवरून. आधी म्हशीचं सांगितलं, मग आत्याच्या गुडघ्याचं. चांगली बोलत होती. मग मधेच म्हणाली, "मावशी, आईला एकदा इचारशील का? नाय म्हणायचं होतं तर मला परीक्षेला तरी कशाला बसवलं? माझा सातवा नंबर व्हता." संस्थेची चिठ्ठी तिनं जपून ठेवली आहे. 'पालकांची संमती नाही' असं लिहिलेली. लग्नाच्या पेटीत घालून सासरी घेऊन गेलीय.

तिला तेव्हाच सांगायला हवं होतं. मी म्हटलं, आवाज येत नाही गं, रेंज गेली. आणि फोन ठेवला.

अक्का, मला वाटत होतं की तू माझ्यावर रागावली आहेस, एवढंच ह्या प्रकरणाचं उरलंय. तो राग मी आयुष्यभर सोसला असता. पण पोरगी तुला दोषी धरून बसलीय, हे मला माहीत नव्हतं. तूही कधी कळू दिलं नाहीस. आता सगळं सांगते. मधे थांबले तर पुन्हा लिहिणं होणार नाही.

फेब्रुवारीत आमची फील्डवरची मुलगी तुझ्याकडं आली, मोबाईलवर तुझं बोलणं रेकॉर्ड करून घेऊन गेली. ते रेकॉर्डिंग ऐकून टाइप करायचं काम माझं. कानाला हेडफोन लावला आणि तुझा आवाज. तू पाहुण्यांसमोर बोलतेस तो. सासूबाई शेजारी बसल्या होत्या, प्रेरणाही होती, हे तुझ्या बोलण्यावरूनच कळत होतं. "पोरीचं ठरल्यालं हाय. ही पाळण्यात व्हती तवाच हिच्या आज्जीनं आत्याला शबूद दिला. आत्याचं पोरगं गुणाचं हाय, घरात म्हशी हायेत, लई शिकून तरी काय करायचं." असं बरंच. आज्जीनं पाळण्यावर हात ठेवून शब्द कसा दिला इथपासून आत्याच्या घराला पत्रे कधी पडले इथपर्यंत. मला हसू येत होतं. सासूबाईंना ऐकवायला तू किती गोड बोलू शकतेस, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे.

मग शेळी ओरडली. सासूबाईंना अंधुक दिसतं म्हणून प्रेरणा त्यांचा हात धरून बाहेर गेली. आणि तुझा खरा आवाज आला, हळू, भराभर. "बाई, आता ऐका. मी म्हणले ते समदं त्यांच्यासाठी. माझी पोर न्या तुम्ही. मी राजी हाय, सही करते, अंगठा म्हणाल तर अंगठा देते. तिच्या बापाला मी बघते. पोरीला सांगू नका, ती फटकळ हाय, घरात बोलून जाईल. एकदा ती तुमच्याकडं पोचली की मला कुणी मारून टाकलं तरी चालंल."

हे मी टाइप करत होते तेव्हा डोळ्यांपुढं अक्षरं दिसत नव्हती. नंतरचं एक वाक्य तेवढं गाळलं. 'तिथं आमचं एक माणूस हाय, पर मी नाव नाय घेणार' असं म्हणाली होतीस. नाव न घेण्याची तुझी ही तऱ्हा. एवढं सोडून बाकी सगळं जसंच्या तसं. आमच्याकडं बाकीच्या टायपिस्ट दोन ओळींत आटोपतात, 'पालक तयार', 'पालक तयार नाहीत'. मी तसं कधी केलं नाही. बाया एवढ्या मन मोकळं करून बोलतात, त्यांचं बोलणं कापायचा मला काय अधिकार, असा माझा ताठा. सुदर्शन सर, आमचे सुपरवायझर, मला चेष्टेनं 'लेखिकाबाई' म्हणतात.

अक्का, मीही दोन ओळींत आटोपलं असतं ना, 'पालक तयार' एवढंच, तर आज तुझी पोरगी पांढऱ्या कोटात असती.

कसं ते सांगते. सगळ्या मुलींची माहिती एका मोठ्या शीटमध्ये असते. आडव्या ओळी आणि उभे रकाने, शाळेच्या हजेरीपटासारखं. एका मुलीला एक ओळ, शेवटचा रकाना पालकाच्या बोलण्याचा. त्या चौकटीत हजारो अक्षरं मावतात, किती का लिहा, तक्रार नाही. लिहिशील तशी ओळ उंच होत जाते. पण तिच्या उंचीला मर्यादा आहे. चारशे नऊ पॉइंट. म्हणजे साधारण वीतभर. त्याच्या वर ती एक केसभर वाढत नाही. उरलेलं लिखाण आत असतं, पुसलेलं नसतं, पण दिसत नाही. संगणकावर त्या चौकटीत जाऊन वाचता येतं. कागदावर छापलं की वीतभर येतं आणि खालचं गायब. कमिटीची माणसं वयस्कर, ती कागदावर वाचतात, आणि त्यांच्यासाठी अक्षरं मोठी ठेवावी लागतात.

तुझ्या बोलण्याच्या बावीस ओळी छापल्या गेल्या. बाविसावी 'लई शिकून तरी काय करायचं' इथं संपते. तेविसाव्या ओळीपासून तू माझी खरी अक्का आहेस, आणि तेविसावी ओळ कुणी वाचली नाही.

इथपर्यंत तुला वाटेल, बिचारीला माहीत नव्हतं. मलाही असंच सांगायचं होतं. मागच्या पत्रात 'एकूण एक शब्द लिहिला' म्हणून मी नेमकं तेवढंच सांगितलं.

मला माहीत होतं. कमिटीच्या आदल्या दिवशी प्रिंट काढली ती मीच. मी चाळली. शीटमधला त्रेसष्ट नंबर तुझा, तो तर मी आधी बघितला. बोलणं मधेच तुटलंय हे दिसलं. माऊसनं ओळ खाली ओढली, सुटून परत तिथंच. पुन्हा ओढली. एकूण अकरा जणींचं तसं झालं होतं. ओळ वाढत नाही तर उरलेलं खालच्या ओळीत टाकावं, तर सरांचा नियम असा की एका मुलीला एकच ओळ, नाहीतर मुलींचा आकडा चुकतो. मी सरांकडं गेले. म्हटलं, अकरा जणींचं पुरतं छापून येत नाही. ते म्हणाले, "मॅडम, माणसाला काय म्हणायचं ते पहिल्या दोन ओळींत येतं. कमिटीला कादंबरी नको."

आपल्या बाया पहिल्या दोन ओळींत कधी खरं बोलतात का, अक्का? आधी घरातल्यांना ऐकू जाईल ते बोलतात. हे मी सरांना सांगू शकले असते. निदान एवढं म्हणू शकले असते की त्रेसष्ट नंबरचं खालचं तेवढं वाचा. त्यांनी विचारलं असतं, का, तुमची कोण लागते?

आणि मी जानेवारीत सही करून दिली होती की अर्ज केलेल्यांत माझ्या नात्यातलं कुणी नाही. कर्मचाऱ्यांच्या नात्यातल्या मुलींना घेत नाहीत, म्हणूनच तर तुला सांगून ठेवलं होतं की माझं नाव काढू नको. बोलले असते तर प्रेरणाचं नाव आधी खोडलं गेलं असतं आणि मग माझं. म्हणून गप्प बसले. मनाला समजावलं की सातवा नंबर आहे, घेतीलच. ती पानं मीच पंच करून फाईलला लावली.

यादी लागल्यावर लग्नाला एकोणीस दिवस होते. त्या एकोणीस दिवसांत मी दोनदा आमचे अध्यक्ष तात्यासाहेब यांच्या केबिनपर्यंत गेले. एकदा दारातून परत आले. एकदा आत गेले आणि बाहेरच्याच कुणाची गोष्ट असल्यासारखं विचारलं, एखाद्या पालकाचं बोलणं अर्धंच वाचलं गेलं असेल तर काय करता येतं. माणूस चांगला आहे. म्हणाले, चाळीस जागा चाळीस मुलींना दिल्या, आता एकीला घ्यायचं तर कुणाला घरी पाठवू, तुम्हीच नाव सांगा. मला नाव सांगता आलं नाही. तुला आलं असतं का?

लग्नाच्या दिवशी मैत्रीला ताप नव्हता. मी आवरून बसले होते, साडी नेसून. गंगापूरच्या गाडीला जायला निघाले आणि कोपऱ्यावरून परत आले. प्रेरणाच्या डोक्यावर फुलं टाकायला हात उचलला नसता.

आता एवढंच करता येतं ते केलं आहे. शुक्रवारी सगळे जेवायला गेल्यावर तुझं सगळं बोलणं साध्या पानावर उतरवून छापलं. ते सोबत जोडते. दीड पान आहे. खाली संस्थेचा शिक्का नाही, शिक्का मागितला तर कारण द्यावं लागेल. आवाजाचं रेकॉर्डिंग मिळालं असतं तर मी चोरून आणलं असतं, पण ते महिन्याभरात पुसतात, तसा नियम आहे. हा कागद प्रेरणाला दाखव. तिला म्हण, चूक मावशीची आहे. मला फोन करून शिव्या दे म्हण, ह्या वेळी रेंज जाणार नाही.

तुला दाजींना सांगायचं तर सांग, संस्थेला पत्र लिहायचं तर लिही. मी नाही म्हणणार नाही. तशी नाही म्हणायची माझी आता पात्रताही नाही.

माफी मागायला घाबरते, पण मागते.

तुझ्या भरवशाला न उतरलेली,
करुणा

---

रविवार, दि. १२ ऑक्टोबर २०२५

करुणास,

जयभीम. सातवीनंतर पहिल्यांदा एवढं लांब लिहितेय, हसू नको. सासूबाई झोपल्यात. तुझं पत्र मी शेतात नेऊन वाचलं, तीन दिवस लागले. चारशे नऊचं मला कळलं नाय, दोनदा वाचलं तरी नाय. बाकीचं कळलं.

रागाचं म्हणशील तर लई आला. पत्र चुलीत घालणार व्हते. मग त्यो दीड पानाचा कागद वाचला. करुणे, मी एवढं बोलले व्हते हे मला सुदिक याद नव्हतं. मला कुणी मारून टाकलं तरी चालंल, असं मी म्हणले? अनोळखी बाईपुढं? मग रडले. किती दिसांनी माझंच बोलणं मला ऐकू आलं. त्या पायी तुझ्यावरचा थोडा राग गेला. सगळा नाय गेला. खोटं कशाला लिहू.

संस्थेला कुणी लिहिणार नाय. तुझ्या दाजींना सांगितलं तर मी मागनं काय बोलले ते पण सांगावं लागंल. तू नोकरी सोडू बिडू नको. मैत्री हाय तुला.

प्रेरणा धम्मचक्र दिनाला आली व्हती, दसऱ्याला, चार दिस. वाळलीय. मी तिला गोठ्यात नेऊन कागद दिला. मनात म्हटलं, आता मोकळी व्हईल पोर, गळ्यात पडंल. तिनं उभ्या उभ्या सगळा वाचला. दोन्ही बाजू. मग घडी घालून माझ्या हातात दिला. म्हणाली, "आई, मावशी रोज टाइपच करती. तिला काय, कायबी टाइप करता येतं. तुम्ही दोघी बहिणी हाव. मला बरं वाटावं म्हणून केलं असंल, तर वाटलं मला बरं. ठेव आता."

मी म्हटलं, अगं माझी शपथ. तर म्हणती, माझ्या कानानं ऐकलंय मी, आई, शेळीकडं जायच्या आधी. त्याच्या म्होरं मी नव्हते ते मला कसं दिसणार.

तिचं काय चुकलं? तिच्यासमोर मी नाय म्हणले, आणि हो म्हणले ते तिच्या पाठीमागं. बरं म्हणून केलं व्हतं. आता माझ्या हातात ना आवाज हाय ना शिक्का. तोंड हाय, तर त्या तोंडावर तिचा इश्वास नाय. कागद मी पिठाच्या डब्याखाली ठेवलाय, घरात कुणाला सापडला तर नवीन घोर.

जायच्या दिवशी भाकरी थापता थापता मी तिला पुन्हा सगळं सांगितलं, पहिल्यापासून. तिनं मधी तोडलं नाय. "व्हय आई," म्हणाली. "खरंय आई. तू राजीच व्हतीस." गोड बोलली अगदी. सासूबाईपुढं मी पंचवीस वर्षं जसं बोलते ना, तसंच.

मैत्रीला दात आले असतील तर घेऊन ये. मी फोन उचलीन.

तुझी अक्का,
सरिता